पहाटेचं संप्रेरक

रात्री दोन-अडीचच्या सुमाराला, आपण गाढ झोपेत असताना, शरीरात उद्याची तयारी सुरू होते. मध्यरात्री तळाला गेलेलं कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तिथून चढायला लागतं. पहाटेपर्यंत ते वाढत राहतं, जाग आल्यावर पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेतं आणि मग दिवसभर उतरत उतरत रात्री पुन्हा तळ गाठतं. अंथरुणातून उठून उभं राहिल्यावर आपण चक्कर येऊन पडत नाही, रात्रभर पोटात काही नसताना मेंदूला साखर पुरते, यामागे या चढउताराचा मोठा वाटा असतो.

अलीकडे हे नाव घरोघरी पोचलं, पण बदनाम होऊन. चेहरा सुजला, पोट सुटलं, झोप उडाली की मोबाइलवर कुणीतरी सांगतं, तुमचं कॉर्टिसॉल वाढलंय, ते कमी करा. याच संप्रेरकाची कारखान्यात बनलेली भावंडं आपण ‘स्टेरॉइड’ या एका शब्दाने ओळखतो. काही घरांत त्या शब्दाची इतकी धास्ती असते की दम्याचा पंप लागणाऱ्या मुलालाही तो दिला जात नाही. काही घरांत तेच स्टेरॉइड नायट्याचं मलम म्हणून एकाच ट्यूबमधून सगळ्यांच्या अंगाला लागतं. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या संप्रेरकाबद्दल जे कळलं ते एका ओळीत मांडून पाहिलं, तर प्रत्येक टप्प्यावर तेच तीन प्रश्न समोर येतात. किती? केव्हा? आणि किती दिवस? या तिन्हींची उत्तरं जुळली की कॉर्टिसॉल जीव वाचवतं. त्यातलं एक जरी चुकलं, तरी ते जिवावर बेतू शकतं.

मूत्रपिंडांवरच्या टोप्या

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम ४-५ ग्रॅम. पाठ्यपुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात ॲड्रिनल. बार्तोलोमिओ युस्टाची या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाने १५६४ च्या सुमाराला रोममध्ये तिचं वर्णन केलं, पण ती करते काय हे पुढची जवळपास तीनशे वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

१८५५ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी ११ रुग्णांच्या नोंदी छापल्या. ही माणसं दिवसेंदिवस खंगत गेली होती, नाडी क्षीण झाली होती, पोट बिघडलं होतं आणि कातडी काळवंडली होती. शवविच्छेदनात या टोप्या रोगाने खाल्लेल्या दिसल्या, त्यातल्या अनेक क्षयाने. पुढच्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या आणि ते प्राणी मेले. एवढ्याशा अवयवाशिवाय जगता येत नाही, हे तेव्हा पहिल्यांदा पुढे आलं.

या ग्रंथीत खरं तर दोन कारखाने आहेत. आतल्या गाभ्यात ॲड्रिनॅलिन बनतं, जे क्षणात काम करतं आणि क्षणात ओसरतं. बाहेरच्या सालीत तीन थर आहेत. वरच्या थरात अल्डोस्टेरोन बनतं, ते शरीरातलं मीठ आणि पाणी सांभाळतं. आतल्या थरात पुरुषी संप्रेरकांचा कच्चा माल तयार होतो. मधल्या, सगळ्यात जाड थरात कॉर्टिसॉल बनतं. तिन्ही थरांची सुरुवात होते कोलेस्टेरॉलपासून, ज्याला आपण एरवी फक्त शत्रू समजतो.

हुकूम, काम आणि लगाम

ॲड्रिनल ग्रंथी आपल्या मनाने कॉर्टिसॉल सोडत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून पीयूषिका ग्रंथीला निरोप जातो, पीयूषिकेतून एसीटीएच हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि ते पोचल्यावर ॲड्रिनल कामाला लागते. रक्तातलं कॉर्टिसॉल पुरेसं झालं की त्याचीच जाणीव वर जाते आणि वरचे हुकूम थांबतात. लगाम मालाच्याच हातात आहे. ही गोष्ट इथे लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचे बरेचसे अपघात तिच्यामुळेच होतात.

निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल बनतं. चिमटीत मावणाऱ्या मिठापेक्षाही हे कितीतरी कमी. तेवढ्यावर यकृत उपाशीपोटी साखर तयार करतं, रक्तवाहिन्या ताठर राहून रक्तदाब टिकतो आणि रोगप्रतिकारशक्तीला मर्यादा राहते. जखम झाली की सूज यावी, पण ती हाताबाहेर जाऊ नये, हे पाहणं त्याचंच काम. ते पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहकाला चिकटतं आणि थेट जनुकांच्या कामात फेरबदल करतं. म्हणून त्याचे बरेचसे परिणाम यायला तास लागतात आणि जायलाही.

शरीराने त्याला कुठे अडवायचं हेही ठरवून ठेवलंय. कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरोन दिसायला इतके सारखे आहेत की मूत्रपिंडातल्या अल्डोस्टेरोनच्या ग्राहकाला कॉर्टिसॉलही चिकटू शकतं. रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी जास्त असतं. ते सगळं तिथे चिकटलं तर अंगात मीठ साठून रक्तदाब भडकेल. म्हणून मूत्रपिंडात एक विकर पहाऱ्यावर असतं. ते कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करतं. आपल्या घरातल्या ज्येष्ठमधात या पहारेकऱ्याला झोपवणारा घटक आहे. खोकल्यासाठी चघळलेल्या काडीने काही होत नाही, पण महिनोन्‌महिने भरपूर ज्येष्ठमध खाणाऱ्यांचा रक्तदाब वाढल्याची आणि रक्तातलं पोटॅशियम घसरल्याची उदाहरणं वैद्यकात चांगली नोंदलेली आहेत. किती आणि किती दिवस, हे प्रश्न काढ्यालाही चुकत नाहीत.

रॉचेस्टरमधले चार दिवस

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक आहे. तिथले फिलिप हेंच संधिवाताच्या रुग्णांवर उपचार करत. १९२९ मध्ये त्यांच्या ध्यानात आलं की एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याचे आखडलेले सांधे मोकळे झाले. गरोदरपणातही काही स्त्रियांचा संधिवात असाच मागे हटतो, हे त्यांनी पाहिलं. शरीरातच असं काहीतरी आहे जे हा रोग थोपवतं, अशी त्यांची खात्री झाली. त्याच संस्थेत रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडॉल गुरांच्या ॲड्रिनल ग्रंथींतून एकेक द्रव्य वेगळं काढत होते, आणि स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइकश्टाइन तेच करत होते. केंडॉल यांनी आपल्या द्रव्यांना अक्षरांची नावं दिली होती. त्यातलं ‘ई’ म्हणजे पुढचं कॉर्टिसोन. ते मिळवणं महाकठीण होतं. मर्क कंपनीच्या लुइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून ते बनवलं, त्याला छत्तीसएक टप्पे लागले.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी हेंच यांच्या संघाने २९ वर्षांच्या एका स्त्रीला या द्रव्याचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. सांधे धरल्याने तिला अंथरुणात कूस बदलणंही अवघड होतं. रोज इंजेक्शन चालू राहिलं. चौथ्या दिवशी ती चालू लागली आणि आठवड्याभरात बाजारात जाऊन खरेदी करून आली. दोन वर्षांत, १९५० मध्ये, केंडॉल, राइकश्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं.

औषध महाग होतं, सुरुवातीला ग्रॅमला २०० डॉलर. ते स्वस्त झालं एका बुरशीमुळे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी दाखवलं की कॉर्टिसोनच्या रेणूत ११ व्या कार्बनवर ऑक्सिजन बसवण्याचं सगळ्यात जिकिरीचं काम ऱ्हायझोपस ही बुरशी एका दमात करून देते. शिळ्या पावावर धरते त्याच कुळातली ही बुरशी. प्रयोगशाळेतले कितीतरी टप्पे गळाले आणि किंमत काही डॉलरवर आली. या बुरशीचं नाव लक्षात असू द्या, ती पुन्हा भेटणार आहे.

१९५५ मध्ये प्रेडनिसोलोन आलं, पाठोपाठ डेक्सामेथासोन. त्यांची ताकद समजायला एक साधं माप पुरतं. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातलं कॉर्टिसॉलच, २० मिलिग्रॅम घ्या. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम किंवा डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम तेवढंच काम करतात. पुढच्या आकड्यांकडे पाहताना हे माप हाताशी ठेवा.

पण आनंदाच्या त्या पहिल्या वर्षांतच किंमत मोजावी लागायला लागली होती. मोठी मात्रा चालू राहिलेल्यांचे चेहरे सुजले, हाडं मोडली, मनं बिघडली. औषध थांबलं की रोग परत उसळला. १९५२-५३ मध्ये आणखी गंभीर गोष्ट नोंदली गेली. कॉर्टिसोन घेऊन नंतर ते बंद केलेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या धक्क्याने दगावले. त्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसून गेल्या होत्या. बाहेरून आयता माल येत राहिल्याने वरचे हुकूम थांबले होते आणि कारखाना गंजला होता.

कमी पडतं तेव्हा

ॲडिसन यांनी वर्णन केलेला आजार आजही आहे. श्रीमंत देशांत तो बहुतेकदा शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला केल्याने होतो. आपल्याकडे त्यामागे अजूनही क्षयरोग असू शकतो. थकवा, वजन उतरणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, खारट खायची अनावर ओढ. अशी लक्षणं इतक्या आजारांत दिसतात की महिनोन्‌महिने ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिकांवर जातात. रंग काळवंडणं ही मोठी खूण, पण सावळ्या रंगाच्या माणसांत तीही नजरेतून सुटते. म्हणून जाणता डॉक्टर तळहातावरच्या रेषा, हिरड्या आणि जुने व्रण पाहतो. रेषांमध्ये काळेपणा उतरलेला असेल तर तो उन्हाने आलेला नसतो.

क्षयाच्या संदर्भात आणखी एक धोका आहे. क्षयावरचं रिफाम्पिसिन यकृतात कॉर्टिसॉलचा निचरा वेगाने करतं. ज्याची ॲड्रिनल आधीच अर्धमेली आहे, अशा रुग्णाला क्षयाचं योग्य औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत तो कोसळू शकतो. उपचार बरोबर असूनही रुग्ण खालावत असेल, तर ही शक्यता डोक्यात यायला हवी.

काही बाळं ही उणीव जन्मतःच घेऊन येतात. कॉर्टिसॉल बनवणारं एक विकर जनुकदोषामुळे नसतं. पीयूषिका हुकूम सोडत राहते, ग्रंथी फुगत जाते आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलींची बाह्य जननेंद्रियं जन्मतः वेगळी दिसू शकतात, त्यामुळे निदान होतं तरी. मुलगे दिसायला अगदी नीट असतात आणि दुसऱ्या आठवड्यात उलट्या, सुकवा, शरीरातलं मीठ निघून जाणं, अशा अवस्थेत येतात. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर हा दोष पहिल्याच आठवड्यात कळू शकतो. २००८ मध्ये गोव्याने सर्व नवजातांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू करून देशात पहिलं पाऊल टाकलं. ही तपासणी आज महाराष्ट्रात प्रत्येक बाळाच्या वाट्याला येत नाही. आली पाहिजे, कारण या आजाराचं औषध स्वस्त आहे आणि वेळेवर मिळालं तर मूल पूर्ण आयुष्य जगतं.

जास्त होतं तेव्हा

उलट टोकाचं चित्र हार्वे कुशिंग या अमेरिकन मेंदूशल्यविशारदाने रेखाटलं. त्यांनी १९१२ मध्ये पहिली रुग्ण वर्णिली आणि १९३२ मध्ये या आजाराचा संबंध पीयूषिकेतल्या छोट्या गाठींशी जोडला. चेहरा गोल होतो, मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र काटकुळे राहतात, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, थोडं लागलं तरी काळंनिळं होतं. मधुमेह आणि रक्तदाब सोबतीला येतात. आपल्याकडे यातली एक खूण घरात सहज दिसते. उकिडवं बसलेली बाई हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही. मांड्यांच्या स्नायूंतलं प्रथिन कॉर्टिसॉलने ओढून नेलेलं असतं.

गाठीमुळे होणारा हा आजार अतिशय विरळ आहे. दहा लाखांत वर्षाला मोजक्याच लोकांना तो होतो. त्याचं निदानही वेळेशी बांधलेलं आहे. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी ८ वाजता रक्त घेतात. निरोगी माणसात पीयूषिका ती गोळी ओळखते आणि पहाटेचा हुकूम सोडत नाही, त्यामुळे कॉर्टिसॉल दबलेलं दिसतं. आजारी माणसात ते दबत नाही. किंवा मध्यरात्रीची लाळ तपासतात, कारण ज्या वेळी ते तळाला असायला हवं त्या वेळी ते तिथे आहे का, हाच खरा प्रश्न असतो. तपासणीच्या पॅकेजमध्ये भर दुपारी काढलेला एक सुटा आकडा यातलं काहीच सांगत नाही. गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपण यांमुळे रक्तातलं एकूण कॉर्टिसॉल तसंही वाढलेलं दिसतं, कारण त्याला वाहून नेणारं प्रथिन वाढलेलं असतं.

गोल चेहऱ्याचे जे रुग्ण प्रत्यक्षात दिसतात, त्यातल्या बहुतेकांना हा आजार औषधातून झालेला असतो. कधी चिठ्ठीवर लिहून दिलेल्या, पण पुढे कुणी न थांबवलेल्या गोळ्यांतून. कधी दम्याच्या आणि सांधेदुखीच्या त्या बिननावाच्या पुड्यांतून, ज्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं भारतात वेळोवेळी सापडलं आहे. ‘दोन दिवसांत गुण’ येतो तो यामुळेच. हेंच यांची रुग्णही चौथ्या दिवशी चालू लागली होती.

मावशीची दिवाळी

माझ्या मावशीला संधिवात आहे. काही वर्षांपूर्वी प्रेडनिसोलोन सुरू झालं आणि तिच्या बोटांत पुन्हा लाटणं धरायची ताकद आली. सात-आठ महिने झाल्यावर तिने कुणालाही न विचारता गोळ्या सोडल्या. शेजारणीने सांगितलं होतं, स्टेरॉइड आहे ते, हाडं खातं. त्यात खोटं काही नव्हतं. पण आठवड्याभराने तिला साधा ताप आला आणि ऐन दिवाळीत ती अंथरुणाला खिळली. उलट्या थांबेनात, बोलताना शब्द ओढले जाऊ लागले, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात जेमतेम लागत होता. सलाईन लावलं तरी ती सावरेना. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरणीने तिच्या मुलाला विचारलं, ‘गेल्या महिन्यात कुठली गोळी बंद केली का?’ उत्तर ऐकून तिने हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. सकाळी मावशीने चहा मागितला.

मावशीच्या बाबतीत घडलं ते १९५२ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर घडलं होतं तेच. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ स्टेरॉइड घेतलं की शरीराचा स्वतःचा कारखाना मंदावू शकतो. तो पुन्हा सुरू व्हायला आठवडे, कधी महिने, कधी वर्षही लागतं. म्हणून गोळी पायऱ्यापायऱ्यांनी उतरवायची असते. मधल्या काळात ताप, अपघात, शस्त्रक्रिया असं काही आलं तर मात्रा तात्पुरती वाढवावी लागते, कारण निरोगी शरीर अशा वेळी स्वतःहून जास्त कॉर्टिसॉल सोडतं आणि थकलेली ग्रंथी तसं करू शकत नाही. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. हे सगळं दोन मिनिटांत सांगता येतं. ती दोन मिनिटं गर्दीच्या ओपीडीत मिळत नाहीत.

योग्य हातात

आता दुसरी बाजू. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. गर्भात असतानाच स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं श्वास घेत होती, जी एरवी जगायला नको होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हाउई यांनी हेच स्त्रियांत दाखवलं. अपुऱ्या दिवसांची प्रसूती होणार असं दिसताच आईला स्टेरॉइड दिलं, तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात. भारत सरकारने २०१४ मध्ये डेक्सामेथासोनच्या या वापरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ६ मिलिग्रॅम, १२ तासांनी, चार वेळा.

त्यानंतर दोन मोठ्या प्रयोगांचे निकाल आले आणि दोन्हींत आपला भाग होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला पहिला सहा देशांत झाला, त्यात नागपूर आणि बेळगाव परिसरही होता. औषध गावपातळीवर पोचवलं गेलं, दिवस किती भरलेत याचा अंदाज तिथे बऱ्याचदा ढोबळच होता. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारामागे साडेतीनने वाढले आणि आयांमध्ये संसर्ग जास्त दिसला. ज्यांची प्रसूती पुढे दिवस भरल्यावरच होणार होती, अशा कितीतरी जणींना औषध मिळालं होतं. दुसरा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेचा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, भारतासह पाच देशांतला. इथे रुग्णालय होतं, सोनोग्राफीने दिवस मोजलेले होते, बाळाला सांभाळायची सोय होती. नवजात मृत्यूंचं प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आलं. तेच औषध, तीच मात्रा. फरक पडला तो कुणाला आणि केव्हा यामुळे.

असाच धडा त्याच वर्षी कोविडने दिला. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ प्रयोगाचा निकाल जून २०२० मध्ये आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत डेक्सामेथासोनने मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणले. ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत, आकडा उलट १४ वरून १७.८ कडे सरकलेला दिसला. मात्रा होती दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. वरच्या मापाने ते हायड्रोकॉर्टिसोनचे १६० मिलिग्रॅम झाले, म्हणजे शरीर रोज बनवतं त्याच्या कमीत कमी आठपट. कुष्ठरोगात नसा सुजतात तेव्हा हातापायाची संवेदना वाचवणारं प्रेडनिसोलोन आणि क्षयाच्या मेंदूज्वरात प्राण वाचवणारं डेक्सामेथासोनही याच रांगेत बसतं.

पण २०२१ च्या वसंतात आपल्याकडे ही मर्यादा मोडली. पहिल्याच दिवशी, घरच्या घरी, ऑक्सिजन ९८ असताना, चिठ्ठी फिरवून स्टेरॉइड घेतलं गेलं. मात्रा मोठ्या, दिवस मोजायला कुणी नाही, साखर तपासायला कुणी नाही. मधुमेहाचं प्रमाण जिथे आधीच मोठं, तिथे साखर भडकली, प्रतिकारशक्ती दबली आणि नाकातून काळी बुरशी शिरली. जून २०२१ अखेर देशात म्युकरमायकोसिसच्या ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यात वर होते. कितीतरी जणांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला. या आजाराला भारतात सगळ्यात जास्त कारणीभूत ठरणारी बुरशी ऱ्हायझोपस. ज्या कुळातल्या बुरशीने १९५२ मध्ये हे औषध गरिबाच्या आवाक्यात आणलं, त्याच कुळाने त्याच्या गैरवापराचा हिशेब मागितला.

बारकी ट्यूब

सगळ्यात शांत, सगळ्यात मोठा गैरवापर मात्र औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर चालतो. ‘खाज येतेय, काहीतरी द्या’ म्हटलं की एक बारकी ट्यूब पुढे सरकते. तिच्यात बहुधा तीन-चार औषधांची खिचडी असते, एक बुरशीनाशक, एक प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत जाते. बुरशी जात नाही, ती निवांत पसरते. मलम थांबवलं की गजकर्ण दुप्पट होऊन येतं, आणि पुन्हा तीच ट्यूब. औषधांना दाद न देणारा नायटा आज भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांपुढचा मोठा प्रश्न आहे.

दुसरी ट्यूब गोरेपणासाठी लागते. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं ते मिश्रण काही आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतं. मुली ते वर्षानुवर्षं लावतात. चेहऱ्याची कातडी कागदासारखी पातळ होते, लालसर रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, पुरळ उठतात, लव वाढते आणि एक दिवस लावलं नाही तर आग आग होते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या पाहणीत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. क्लोबेटासोलसारखं मलम दिवसाला जेमतेम २ ग्रॅम लावलं तरी ते कातडीतून रक्तात उतरून ॲड्रिनल दाबू शकतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना ‘अनुसूची एच’मध्ये घातलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला आहे. काउंटरवर तो दिसत नाही.

ताणाचा बाजार

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेली यांनी उंदरांना थंडी, जखमा, विषारी द्रव्यं असे वेगवेगळे त्रास दिले. प्रत्येक वेळी ॲड्रिनल मोठी झाली, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसली आणि पोटात व्रण पडले. १९३६ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी हे छापलं आणि पुढे त्यांच्याच लेखनातून ‘ताण’ हा शब्द वैद्यकात रुळला. कॉर्टिसॉलला ताणाचं संप्रेरक म्हणतात ते यातूनच.

नाव बरोबर आहे, त्यातून काढलेले निष्कर्ष मात्र पुष्कळदा चुकीचे. परीक्षेआधी, धावताना, तापात कॉर्टिसॉल वाढतं आणि वाढायलाच हवं. त्रास होतो तो लय मोडल्याने, म्हणजे रात्री ते उतरायचं थांबल्याने. पाळ्या बदलत काम करणारे कामगार, रात्रभर जागणाऱ्या परिचारिका, दीर्घ नैराश्यात असलेली माणसं यांच्यात ही लय विस्कटलेली आढळते. यावरचा उपाय बाटलीत नाही. ठरलेल्या वेळी झोपणं, सकाळचा उजेड अंगावर घेणं, व्यायाम, आणि जिथे ताण नोकरीतून किंवा घरातून येतो तिथे तो मुळाशी कमी करणं, हे त्याचे उपाय.

‘ॲड्रिनल थकवा’ नावाचं निदान समाजमाध्यमांवर फार चालतं. त्याला पुरावा नाही आणि अंतःस्रावतज्ज्ञ ते मानत नाहीत. अश्वगंधेने कॉर्टिसॉल उतरल्याचे काही प्रयोग भारतात झाले आहेत, पण ते लहान आणि थोड्या आठवड्यांचे. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. ज्याला खरंच वजन उतरणं, अंधारी, काळवंडलेल्या रेषा दिसतात, त्याने सकाळी ८ चं रक्त तपासून घ्यावं. ज्याला नुसताच थकवा आहे, त्याने आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप पाहावी.

चिठ्ठी

या सगळ्यातून करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि अवघड नाहीत. महिन्याहून अधिक काळ स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येकाजवळ एक कार्ड असावं. औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि ‘अचानक बंद करू नये, आणीबाणीत हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्यावं’ अशी एक ओळ. इंग्लंडने २०२० मध्ये असं कार्ड देशभर लागू केलं. आपल्याला त्यासाठी छापखान्यापलीकडे काही लागत नाही. ते मराठीत असावं, रुग्णाला वाचता येईल असं. औषधदुकानांत अनुसूची एचची अंमलबजावणी व्हावी. गावातल्या आशा कार्यकर्तीला नायट्याच्या ट्यूबमधलं स्टेरॉइड ओळखता यावं. दम्याच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट फुप्फुसात जातं, हे आईबापांना कुणीतरी समजावून सांगावं, म्हणजे भीतीपायी मुलाचा श्वास कोंडणार नाही.

मावशीच्या पर्समध्ये आता एक चिठ्ठी असते. देवाच्या फोटोच्या मागे, प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवलेली. तिच्यावर तिच्या मुलाच्या अक्षरात गोळीचं नाव आहे, ‘किती’ आहे, ‘सकाळी नाश्त्यानंतर’ असं ‘केव्हा’ आहे आणि पुढच्या महिन्यात किती उतरवायची ती तारीख आहे. सध्या ती ५ मिलिग्रॅमवर आहे, जवळपास तेवढीच, जेवढं शरीर स्वतः बनवतं. सकाळी ती गोळी घेते तेव्हा घड्याळाकडे बघते. ॲड्रिनल सांभाळत होती ते घड्याळ काही काळ तिलाच सांभाळायचं आहे.